पडलेल्यांच्या घराचें देणें

राज्याची थोरवी त्याच्या विजयस्तंभांवरून सहज दिसते. पण राज्याची नीति पाहावयाची असेल तर त्याच्यासाठीं जो पडला त्याच्या घरची चूल पुढें कोणी पेटती ठेविली, हें पाहिलें पाहिजे. विजयस्तंभ एकदां उभारला कीं काम झालें. चूल मात्र रोज पेटवावी लागते. इतिहासकारांनीं स्तंभांचीं वर्णनें पुष्कळ केलीं. या दुसऱ्या गोष्टीकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें आहे. म्हणून दोन काळांतील दोन उदाहरणें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिलें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. 1659 सालच्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं अफजलखानाचा मोड झाला. त्यानंतर शिवाजी महाराजांनीं काय केलें, हें कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत नोंदविलें आहे. जे पडले त्यांच्या मुलांस चालवावें असें ठरलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन करून दिलें. आणि जखमी झालेल्यांस जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशें होन दिले. सभासदानें ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. प्रसंग घडून तोंवर पस्तीसएक वर्षें लोटलीं होतीं, तेव्हां होनांचा आंकडा अक्षरशः धरावा कीं नाहीं हा संशोधकांचा प्रश्न. पण त्या राज्यांत वाढलेल्या माणसास योग्य वर्तन कोणतें वाटत होतें, याविषयीं शंका उरत नाहीं. पुढें पेशवाईच्या दप्तरांतही लढाईंत पडलेल्यांच्या मुलांच्या पोषणार्थ दिलेल्या नेमणुका 'बालपरवेशी' या नांवानें आढळतात.

या चार ओळींच्या नोंदींत तीन तत्त्वें आहेत. मुलगा असेल तेथें चाकरी, विधवा एकटी असेल तेथें वेतनाचा भाग, आणि जिवंत जखमीस जखमेच्या मानानें द्रव्य. तिघांची गरज निराळी, म्हणून उपायही निराळा. यांतील वेतनाच्या भागाचें महत्त्व विशेष आहे. बक्षीस एका दिवसाचें असतें. वेतन चालू राहणें म्हणजे गेलेल्या माणसाचें नांव हजेरींतून पुरतें पुसलें गेलें नाहीं असें मानणें.

दुसरें उदाहरण मुंबईचें. तेथें लढाई आगीशीं होती. 1888 च्या कायद्यानें अग्निशामक दल राखणें हें मुंबईच्या महापालिकेचें कर्तव्य ठरलें होतें. 14 एप्रिल 1944 रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागली. जहाजांत सुमारें 1400 टन स्फोटक द्रव्यें आणि त्याच पोटांत कापसाच्या गांठी होत्या. बंबवाले जहाजावर चढून पाणी मारीत असतांनाच चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत अग्निशामक दलाचे 66 जण होते. जहाजांत काय भरलें आहे हें कळल्यावर किनाऱ्यावरील माणसास पळून जातां आलें असतें. यांची नेमणूकच जवळ जाण्याची होती. 14 एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशामक सेवा दिन म्हणून पाळला जातो.

अशा माणसांसाठीं त्या काळीं कायदा होता. 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलांत आला. त्याच्या परिशिष्टांत अग्निशामक दलाची नोकरी नांव घेऊन घातलेली होती. मूळ कायद्यांत मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा 2500 रुपये, यांपैकीं जें कमी तें. आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा 3500 रुपये, यांपैकीं जें कमी तें. मेलेल्यापेक्षां जगलेल्याची रक्कम मोठी, हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण जो निकामी होऊन घरीं बसला त्याची मिळकत गेली तरी त्याचें पोट उरतेंच, हा हिशेब त्यांत आहे. अवयवांचें कोष्टकही होतें: उजवा हात कोपरापासून वर गेला तर शेंकडा 70, डावा गेला तर 60, एक डोळा 30, आंगठा 25. सभासदाच्या "जखम पाहून" या मापाचें हें छापील रूप होय.

कायद्याची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. मृत्यूची भरपाई मालकानें परस्पर विधवेच्या हातीं न ठेवतां सरकारी आयुक्ताकडे भरावयाची, आणि आयुक्तानें ती वारसांत वांटून स्त्रिया व अज्ञान मुलें यांच्या हितासाठीं गुंतवावयाची, अशी तजवीज होती. शोकांत असलेल्या बाईकडून थोडक्यांत फारकत लिहून घेण्याची वाट यामुळें बंद झाली. परंतु उणीवही स्पष्ट आहे. मोजमाप पगारावर होतें. म्हणून एकाच शिडीवर शेजारीं उभे राहून मेलेल्या दोघांच्या मरणाची किंमत निराळी. शिवाय एकरकमी पैशाला अंत असतो. धाकटें मूल कमावतें होण्याआधींच तो संपूं शकतो.

ही अडचण केवळ आपली नव्हे. अमेरिकेनें 1976 सालीं कर्तव्यांत मेलेल्या पोलिसांच्या व अग्निशामकांच्या वारसांस 50,000 डॉलर देण्याचा कायदा केला. पण कायमचा अपंग झालेला शिपाई त्यांत येण्यास 1990 साल उजाडावें लागलें. मृताभोंवतीं लोक जमतात. खाटेवरचा माणूस विसरला जातो. सभासदाच्या नोंदींत मात्र दोघेही एकाच परिच्छेदांत आले आहेत.

आमच्या मतें सगळा प्रश्न एका शब्दावर येऊन थांबतो: हें दान कीं देणें? दान देणाऱ्याच्या मनावर असतें आणि घेणाऱ्याची मान खालीं घालवितें. देणें ठरल्या तारखेस चुकवावें लागतें. 1923 च्या कायद्यानें हें देणें न्यायासनापुढें मागतां येईल असें केलें, हा त्याचा मोठा उपकार. आज तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत विलीन झाला आहे. जुन्या राज्यानें तें देणें घर चालेल अशा रूपांत दिलें, ही त्याची दृष्टि. एकाचा हक्क आणि दुसऱ्याचें सातत्य, हीं दोन्ही जेथें एकत्र येतील तेथेंच धगींत शिरणाऱ्याच्या पाठीशीं समाज खरोखर उभा आहे असें म्हणतां येईल.