कुर्ल्याच्या मोटारी आणि कार्बुरेटरचे मिस्त्री

शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून ज्या फियाट मोटारी, आणि पुढे त्यांच्याच वंशातली पद्मिनी, मुंबईच्या रस्त्यांवर आल्या, त्यांच्यामागोमाग कार्बुरेटर उघडून पुन्हा सिद्ध करणाऱ्या मिस्त्रींचा व्यवसायही या शहरात नांदू लागला. नवी सुई व नवे पॅकिंग घालून बसविलेला कार्बुरेटर धावत्या गाडीस उत्तम साथ देई, परंतु सिग्नलपाशी अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच इंजिन बंद पडे, तेव्हा या मंडळींच्या विद्येची खरी कसोटी लागे. मिश्रणाचा स्क्रू आतबाहेर फिरवूनही इंजिनाच्या गतीत तिळमात्र फरक पडला नाही, की ते ताडत : मंद गतीच्या जेटचे सूक्ष्म छिद्र कचऱ्याने बुजले असावे, अथवा कार्बुरेटरच्या बुडाशी फट राहून तेथून शिरणाऱ्या हवेने मिश्रण क्षीण झाले असावे. कार्बुरेटरमधल्या फ्लोटची पातळी ते त्यानंतर तपासत. उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात आलेल्या या कसबाला मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरणीतल्या कारागिरीइतकेच मानाचे स्थान मिळावयास हवे, असे माझे ठाम मत आहे. पुढे इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, शतक बदलताना पद्मिनीचे उत्पादन थांबले, आणि 2023 च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली.