अध्यापकाची संशोधन-रजा : सोलापूरकडून पाहिलेला एक इतिहास

महाविद्यालयात शिकविणाऱ्या व्यक्तीने साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात संशोधन करावयाचे ठरविले, तर तिला प्रयोगशाळेची गरज नसते. गरज असते ती ग्रंथालयांची, हस्तलिखितांची, दप्तरखान्यांची आणि त्यांच्यापुढे बसण्यासाठी लागणाऱ्या सलग वेळेची. अध्यापनाच्या कामातून हा वेळ मोकळा करून देणारी आणि त्या काळातील निर्वाहाची, प्रवासाची व ग्रंथखरेदीची सोय लावणारी जी व्यवस्था, तिला आज अधिछात्रवृत्ती असे म्हणतात. ही अधिछात्रवृत्ती कोणी, कोणाला व कोणत्या अटींवर द्यावी, याचे निर्णय पुणे, मुंबई, कोल्हापूर आणि दिल्ली येथे होत आले, सोलापुरात ते क्वचितच झाले. सोलापूरच्या अध्यापकाच्या वाट्याला आला तो अर्ज करण्याचा भाग. आणि अर्जदाराच्या बाजूने पाहिल्याशिवाय या व्यवस्थेचा इतिहास पुरता समजत नाही.

मराठी मुलखात विद्वत्तेला सार्वजनिक निधीतून साहाय्य देण्याची जुनी रीत म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमणा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवारात दूरदूरचे ब्राह्मण त्यासाठी जमू लागले. विशेष विद्वान असलेल्यांची शास्त्रात परीक्षा होई आणि त्यांना योग्यतेनुसार दक्षिणा मिळे. या रीतीत लेखी अर्ज नव्हता. विद्वानाने स्वतः उपस्थित राहून आपली विद्या परीक्षकांपुढे मांडावी, एवढीच अपेक्षा होती. ती एका जातीपुरती मर्यादित होती आणि तिने नव्या ज्ञानापेक्षा पाठांतराला अधिक मान दिला, हे तिचे मोठेच वैगुण्य होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही भाग वळवून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली.

या निधीचे स्वरूप बदलण्यास कारण झाला तो मात्र एक लेखी अर्जच. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यातील नव्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अशी मागणी केली की, दक्षिणेच्या रकमेतून उरणारा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्याकडे लावावा. सनातनी पक्षाने त्याला कडवा विरोध केला. तथापि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाच्या १८५७ मधील स्थापनेनंतर याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. फेलोने वरच्या परीक्षांचा अभ्यास करावा आणि त्याबरोबर खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ही योजना होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही असे फेलो होते. यांपैकी रानडे पुढे सरकारी नोकरीच्या आरंभकाळात काही दिवस अक्कलकोट संस्थानचे कारभारी होते, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला. पण तो प्रशासक म्हणून, अभ्यासक म्हणून नव्हे. अध्ययन आणि अध्यापन एकाच व्यक्तीकडे, एकाच वेळी आणि एकाच वेतनात सोपविण्याची कल्पना फेलोंच्या या योजनेत प्रथम रुजली, आणि तिच्यातील ओढाताणही तेव्हापासूनचीच आहे.

सोलापूर या इतिहासात ठळकपणे येते ते १९४०च्या दशकात आणि तेही विद्यापीठाच्या मार्गाने नव्हे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे संसारातून मन काढून घेतलेले व्यापारी गृहस्थ. आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी कसा करावा, हे ठरविण्यासाठी त्यांनी १९४० मध्ये देशभर हिंडून जैन पंडितांची मते जमा केली. १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ येथे विद्वानांची सभा बोलाविली. आणि तिच्या विचारविनिमयातून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन करून त्याला ३०,००० रुपयांची देणगी दिली. १९४४ मध्ये त्यांनी सुमारे दोन लाख रुपयांची आपली सर्व मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाची जीवराज जैन ग्रंथमाला या संघाने सोलापुरातून चालविली. दानशूर माणसाने देणगीपूर्वी विद्वानांना भेटून आधी विचारून घ्यावे, ही गोष्ट आजच्या निधी देणाऱ्या संस्थांनीही लक्षात घ्यावी इतकी मोलाची आहे.

या ग्रंथमालेचे दोन प्रमुख संपादक हे महाविद्यालयीन अध्यापक होते. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवीत; आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक होते. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९०६ मध्ये जन्मलेल्या उपाध्यांनी नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डी. लिट. मिळविली आणि पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती दिली. अध्यापकपदावर असताना विद्यापीठाकडून मानव्यविद्येतील संशोधनासाठी साहाय्य मिळाल्याचे या भागातील हे ठळक उदाहरण होय.

अशा साहाय्याचा उपयोग प्रत्यक्षात कशासाठी होतो, हे उपाध्ये व जैन यांच्या कामावरून नीट कळते. ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ तिलोयपण्णत्ती हा यतिवृषभाचार्यांचा प्राकृत ग्रंथ असून त्यात जैन परंपरेतील त्रैलोक्याची रचना, काळगणना आणि गणित आलेले आहे. त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. चिकित्सक आवृत्ती म्हणजे उपलब्ध हस्तलिखिते ओळीओळीने एकमेकांशी ताडून, लेखनिकांच्या हातून झालेल्या चुका आणि खरे पाठभेद वेगळे करून, निवडलेला पाठ वर आणि बाकीचे पाठ तळटीपांत देऊन केलेले संपादन. यात एक गाथा सोडविण्यासाठी अनेक दिवस जाऊ शकतात. हस्तलिखिते भांडारांतून मागवावी लागतात, ती वेळेत परत करावी लागतात. मुद्रितांची जुळणी पुन्हा तपासावी लागते. तासामागून तास घेणाऱ्या अध्यापकाला हे काम पहाटे, रात्री आणि सुट्टीत करावे लागते. विद्यापीठाने शिष्यवृत्ती द्यावी, सोलापूरच्या संघाने कागद, छपाई आणि पंडितांचे मानधन सोसावे आणि महाविद्यालयाने नोकरी सांभाळू द्यावी, अशा तीन ठिकाणच्या आधारावर ही विद्या उभी राहिली. यांपैकी एकही आधार निघाला असता तर हे ग्रंथ आज हाती नसते. कृष्णकांत हंदिकी यांचा यशस्तिलक या संस्कृत ग्रंथावरील इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये आणि पां. भि. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैन धर्म व शिलालेख यांवरील ग्रंथ १९५७ मध्ये सोलापुरातूनच निघाला. आसामातल्या हंदिकींचे पुस्तक सोलापूरच्या नावाने जगभरच्या ग्रंथालयांत जावे, ही या गिरणगावाच्या अभिमानाची बाब आहे आणि ती शहरात फार थोड्यांना माहीत आहे.

शहराचे स्वतःचे महाविद्यालयीन जीवन याच काळात आकाराला येत होते. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये, संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये सुरू झाले. सोलापूरचा विद्यापीठीय संबंध आधी मुंबईशी, पुणे विद्यापीठाच्या स्थापनेनंतर पुण्याशी आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी होता. दरम्यान १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग अस्तित्वात आला आणि १९५६च्या कायद्याने त्याला वैधानिक अधिकार मिळाले. आयोगाच्या शिक्षक अधिछात्रवृत्ती योजनेने जुन्या ओढाताणीवर प्रथमच नेमका उपाय केला : निवड झालेल्या अध्यापकाने पूर्ण वेतनी रजेवर जाऊन एम. फिल. किंवा पीएच. डी. करावी, आणि त्याच्या जागी नेमलेल्या शिक्षकाचे वेतन आयोगाने द्यावे. महाविद्यालयाची अडचण दूर झाली की प्राचार्य रजा नाकारीत नाहीत, हे ज्या कोणी ओळखले त्याला महाविद्यालयाचे आतले व्यवहार चांगले ठाऊक असले पाहिजेत.

या योजनेचा अर्ज करणे हेच एक वेगळे काम होते. संशोधन आराखड्यात विषयाचे नाव, त्यावर पूर्वी झालेल्या कामाचा आढावा, गृहीतक म्हणजे तपासून पाहावयाचे विधान, साधने व पद्धती आणि प्रकरणांची योजना द्यावी लागे. मार्गदर्शकाची संमती, संशोधन केंद्राचे पत्र, संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि अभ्यास संपवून पुन्हा त्याच महाविद्यालयात ठरावीक काळ सेवा करण्याचे हमीपत्र जोडावे लागे. लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्प या आयोगाच्या दुसऱ्या योजनांत रजा मिळत नसे, पण ग्रंथ, प्रवास, क्षेत्रकार्य आणि आकस्मिक खर्च यांसाठी रक्कम मिळे. तिचा हिशेब सनदी लेखापालाच्या सहीच्या विनियोग प्रमाणपत्राने द्यावा लागे. बाराव्या पंचवार्षिक योजनेत मानव्य व सामाजिक शास्त्रांतील लघु प्रकल्पाची मर्यादा तीन लाख रुपये आणि विज्ञानातील पाच लाख रुपये होती. गृहीतकाचा रकाना मुळात विज्ञानाच्या नमुन्यावर बेतलेला असल्याने संतसाहित्याच्या किंवा हस्तलिखितांच्या अभ्यासकाला त्यात काय लिहावे, हा प्रश्न नेहमीच पडे. उपाध्यांना तिलोयपण्णत्तीसाठी असा रकाना भरावा लागला असता तर त्यांनी काय लिहिले असते, हे सांगणे कठीण आहे. शिवाय अनुदानास पात्र ठरण्यासाठी महाविद्यालय आयोगाच्या कायद्यातील कलम २(एफ) व १२(बी) खाली नोंदलेले असणे आवश्यक होते, त्यामुळे ज्या महाविद्यालयांची अशी नोंद नव्हती तेथील अध्यापकाची योग्यता विचारातही घेतली जात नसे. हा अन्याय व्यक्तीवर होता, आणि तो तिच्या संस्थेच्या कागदपत्रांमुळे होता.

अशा परिस्थितीतही सोलापुरात टिकाऊ काम झाले. पंडित जिनदास पार्श्वनाथ फडकुले यांनी शुभचंद्राच्या पांडवपुराणाचा अनुवाद जीवराज ग्रंथमालेसाठी केला, तो १९५४ मध्ये निघाला. त्यांचे पुत्र निर्मलकुमार फडकुले मराठीचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी लोकहितवादींच्या काळावर व कर्तृत्वावर ग्रंथ लिहिला. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळविण्याची मागणी करणाऱ्या पुरुषाचा अभ्यास सोलापूरच्या अध्यापकाने करावा, यात एक औचित्य आहे. सोलापूरला दीर्घकाळ राहिलेले गो. मा. पवार यांच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रग्रंथाला २००७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सोलापूर हा स्वतः संशोधनाचा विषयही झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. याच गाडगीळांकडे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्षपद आले आणि जे. पी. नाईक तिचे पहिले सदस्य-सचिव झाले. म्हणजे अध्यापकांना सामाजिक संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देणाऱ्या देशातील प्रमुख संस्थेची घडी बसविणारे दोघेही या प्रदेशाला आतून ओळखणारे होते. इतिहासासाठी १९७२ मध्ये वेगळी परिषद आली. तथापि गाडगिळांच्या ग्रंथानंतरच्या सोलापूरचा तेवढ्याच व्यापक दृष्टीने शोध घेण्यास आजही वाव आहे. शहरातील १९३०च्या मार्शल लॉचा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांचा इतिहास मराठीतून पुष्कळ सांगितला गेला, पण गिरण्या, हातमाग, यंत्रमाग आणि विडी-कामगार स्त्रिया यांच्या या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. पद्मशाली विणकरांच्या घरांतले स्मरण तेलुगूत आहे, सिद्धेश्वर परंपरेचे वचनसाहित्य कन्नडात आहे, जुनी कागदपत्रे मोडीत आहेत आणि सरकारी दप्तर पुण्या-मुंबईत आहे. अशा विषयासाठी एका अध्यापकाला दुभाषा, मोडी वाचक, प्रवासखर्च आणि किमान एक-दोन वर्षांची रजा लागते. तीन लाखांच्या प्रकल्पात आणि दिवाळीच्या सुट्टीत ते बसत नाही.

१ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ सुरू झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. संशोधन केंद्राचे पत्र आणि मार्गदर्शक यांसाठी दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाण्याची गरज त्यामुळे संपली, हा लाभ लहान नव्हे. पण २०१० मध्ये आयोगाने पदोन्नतीसाठी संशोधनाला गुण देणारे नियम आणले, आणि ज्यांना खरोखर एखादा प्रश्न सोडवावयाचा होता त्यांच्या अर्जांबरोबर ज्यांना गुण हवे होते त्यांचेही अर्ज येऊ लागले. परीक्षकांना दोहोंत भेद करणे अवघड झाले आणि प्रामाणिक अर्जदाराचे नुकसान झाले. २०१७ मध्ये, ज्यांच्या चौकटीत हे प्रकल्प मंजूर होत त्या पंचवार्षिक योजनांची पद्धतच संपली. २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात मानव्य व सामाजिक शास्त्रांना स्थान आहे, परंतु ते विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे संबंध येतो तेवढ्यापुरते. तेलुगू विणकरांच्या स्मृतींवर किंवा प्राकृत हस्तलिखितावर काम करू पाहणाऱ्या सोलापूरच्या अध्यापकाला त्यामुळे आजही सामाजिक शास्त्र परिषद, इतिहास परिषद किंवा १९६५ मध्ये सुरू झालेली सिमल्याची भारतीय प्रगत अध्ययन संस्था यांच्याकडेच अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी आपल्या तासिका कोण घेणार याची लेखी व्यवस्था प्राचार्यांपुढे ठेवावी लागते.