उर्वरित आयुर्मान परीक्षण (औष्णिक विद्युत केंद्र)

जुन्या बॉयलरचे आणि वाफेच्या नळांचे किती आयुष्य खर्ची पडले व किती उरले, याचा मुख्यतः यंत्रभाग न तोडता घेतलेला अंदाज. चंद्रपूरच्या ऊर्जानगरातील महाऔष्णिक केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच १९८३ चा. तो व त्याच्या पाठोपाठचा दुसरा आता मोडीत निघाले. त्यानंतर उरलेली क्षमता २९२० मेगावॅट, आणि तीत १९८५-८६ चे ३ व ४ क्रमांकाचे संचही धरलेले.

भारतीय बॉयलर विनियमांनुसार ४०० अंश सेल्सिअस व त्यावर चालणाऱ्या बॉयलरच्या भागांचे एक लाख तासांनंतर परीक्षण सक्तीचे आहे. अखंड चालल्यास हे तास साडेअकरा वर्षांत भरतात.

बॉयलरच्या ट्यूबला गळती (ट्यूब लिकेज) लागली की संच बंद पडतो आणि बातमी होते. पण ट्यूबचा खराब तुकडा कापून नवा जोडता येतो. खरी काळजी अनेक ट्यूब जिथे येऊन मिळतात त्या जाड भिंतीच्या हेडरची. सुमारे ५४० अंशांच्या वाफेत त्याचे पोलाद दाबाखाली वर्षानुवर्षे कणाकणाने ताणले जाते, हा क्रीप. संच चालू-बंद होताना भिंतीची आतली बाजू आधी तापते वा निवते, बाहेरची मागे राहते. त्या ओढाताणीने येणारा शीण म्हणजे फटीग. ट्यूबांच्या भोकांमधल्या अरुंद पट्टीत तडे बहुधा यामुळेच जातात.

क्रीपची झीज पाहण्यासाठी केलेल्या रेप्लिका चाचणीत वेल्डजवळची जागा आरशासारखी घासून आम्लाने खोदतात, ॲसिटोनने मऊ केलेली पातळ फिल्म तिच्यावर चिकटवतात आणि सुकल्यावर अलगद सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पोलादाच्या कणसीमांवर सुट्या पोकळ्या दिसल्या तर निगराणी पुरते. त्या रांगेत आल्या, जोडून बारीक तडे झाले, तर दुरुस्तीचा विचार करावाच लागतो. जोडीला कठिणता आणि ट्यूबच्या आतल्या ऑक्साइड थराची जाडी मोजतात.

फटीगचा हिशेब पामग्रेन (१९२४) व माइनर (१९४५) यांच्या बेरजेच्या नियमाने होतो: ताणाच्या प्रत्येक पातळीसाठी झालेली आवर्तने भागिले सोसवणारी आवर्तने, बेरीज एक झाली की आयुष्य संपले. नियम सोपा, म्हणूनच फसवा. क्रीप आणि फटीग एकत्र आले की पोलाद त्याआधीच हार मानते.

२०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचे पाणी आटल्याने चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. आता संच वर-खाली करण्याचे कारण सौरऊर्जेचे आहे: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी कोळशाच्या संचांना ४० टक्के भारापर्यंत उतरण्याची तयारी ठेवायला सांगितले आहे. त्यामुळे नुसते तास मोजून भागत नाही. गरम, कोमट आणि थंड सुरुवाती वेगळ्या नोंदवाव्या लागतात. त्यांत थंड सुरुवातीचा घाव सर्वांत मोठा.