समाजशास्त्राचा पाठ्यक्रम : मुंबईचा एक जुना धडा

एम्. ए.च्या समाजशास्त्राचा पाठ्यक्रम आखावयास समिती बसली म्हणजे पहिला प्रश्न बहुधा असा निघतो की, सिद्धान्ताच्या प्रश्नपत्रिका किती असाव्यात. विद्यार्थ्याने दोन वर्षांत कोणते गाव, कोणती वस्ती पाहावी, हा प्रश्न दुपारच्या चहानंतर निघतो, आणि तोवर गुणांची वाटणी आटोपलेली असते. अशा समित्यांवर आम्हीही बसलो आहो व त्या वाटणीस मान डोलावली आहे. तेव्हा पुढील टीकेतील काही वाटा आमच्याच पदरी येतो, हे आधी सांगितलेले बरे.

या विषयाच्या अध्यापनास आपल्या देशात १९१७ च्या सुमारास कलकत्ता व म्हैसूर येथे आरंभ झाला असला, तरी स्वतंत्र विभाग म्हणून त्याने मूळ धरले ते मुंबई विद्यापीठात, १९१९ साली. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार, आणि गंमत अशी की, स्वतः कोणतीही पदवी न घेतलेले! पदव्युत्तर शिक्षणाचा पाया घालण्यास विद्यापीठाने पदवीहीन गृहस्थ निवडावा, हे आजच्या नियमावलीत कदापि बसले नसते. स्थळ, उद्योग आणि लोक ही त्यांची त्रयी. नगर पायी हिंडून पाहावे, मग त्याविषयी बोलावे, हा त्यांचा परिपाठ. ही दृष्टी मोलाची खरी. परंतु हिंडण्याने डोळे उघडतात, तेवढ्याने शास्त्राची शिस्त लागत नाही.

ती शिस्त लावली गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मालवणचे हे संस्कृतचे पदवीधर प्रथम लंडनला व तेथून केंब्रिजला गेले, रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले, आणि परत येऊन १९२४ साली विभागाचे प्रमुख झाले. पुढे १९५९ पर्यंत विभाग व घुर्ये हे समीकरणच होऊन बसले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ८० प्रबंध झाले असे सांगतात. त्या काळी केवळ प्रबंधावर एम्. ए. होता येत असे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. इरावती कर्वे यांनी १९२८ साली चित्पावनांविषयी प्रबंध लिहून ही पदवी मिळविली. म्हैसूरचे श्रीनिवास यांनी १९३८ साली म्हैसुरातील विवाह व कुटुंब यांवर लिहिलेला एम्. ए.चा प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने बाहेर पडला. एम्. ए.च्या विद्यार्थ्याचे लेखन ग्रंथालयात जाऊन बसते, आणि आमच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका रद्दीत जाते!

घुर्ये यांच्या पद्धतीस उणीव नव्हती असे नव्हे. पोथीतील समाज आणि प्रत्यक्षातील समाज यांतील अंतर तीत पुरते मोजले जात नव्हते, असा आक्षेप पुढे श्रीनिवासांनीच घेतला, आणि १९४८ साली रामपुरा गावी राहून आपला मार्ग निराळा केला. परंतु गुरूशी मतभेद करण्याइतकी सामग्री शिष्याच्या हाती त्याच विभागाने दिली होती, हे विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात एका २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ त्याने सजातीय विवाहाच्या बंधनात शोधले, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी ते बंधन टिकविण्याची साधने होत, अशी मांडणी केली. हा निबंध १९१७ साली छापला गेला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. एका चर्चावर्गाचे हे फळ! तथापि आम्ही स्वतः विद्यार्थी असताना आमच्या पाठ्यसूचीत या निबंधाचे नाव नव्हते. जातीविषयी परदेशी पंडितांची नावे मात्र आम्ही घडाघडा म्हणत असू.

आज पुन्हा आखणीची वेळ आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांचे पदवीधर झालेल्यांसाठी दोन वर्षांच्या एम्. ए.चे दुसरे वर्ष संपूर्णपणे संशोधनास देण्याची वाट मोकळी ठेविली आहे. ही वाट मुंबईस नवी नाही. परंतु शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गास मार्गदर्शक दोघे-तिघे असतील, तर संशोधनाच्या नावाखाली जुन्या प्रबंधांच्या नकला तेवढ्या होतील, ही आमची भीती आहे.

भाषेचा प्रश्न तर कोणी काढीतच नाही. काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत आम्ही जजमानी पद्धतीविषयी विचारले. सातारा जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने विल्यम वायझर यांचा १९३६ चा ग्रंथ, उत्तर प्रदेशातील गाव, सेवांची देवघेव, सारे बिनचूक सांगितले. आम्ही विचारले, "तुमच्या गावी याला काय म्हणत?" तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "सर, आजोबा सुतारकीचं बलुतं घ्यायचे. पण ते या प्रश्नात येतं का?"

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली, म्हणजे वायझर यांच्या आधी २१ वर्षे प्रसिद्ध झाला होता. बलुतेदार, अलुतेदार, त्यांचे हक्क, त्यांची गाऱ्हाणी, सारे त्यात मराठीत मांडलेले आहे. पुढच्या बैठकीत आम्ही तो ग्रंथ सुचविला. विरोध कोणीच केला नाही. आवश्यक वाचनाची यादी भरली होती म्हणून त्याची नोंद पूरक वाचनात झाली, आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची जी एक प्रत होती, ती बांधणीस गेलेली होती.