‘लूत’ : एका शब्दाचा व एका कारणशोधाचा पूर्वेतिहास

रोगांची नावे बहुधा रोगाच्या कारणावरून पडत नाहीत. डोळ्यांना जे दिसते त्यावरून ती पडतात. लॅटिनमधील ‘स्केबीज’ हा शब्द खाजवणे या अर्थाच्या धातूपासून निघाला. इंग्रजीतील ‘मेंज’ हा खाणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाशी निगडित आहे. आपले ‘खाज’ आणि ‘खरूज’ हे शब्द संस्कृत ‘खर्जू’कडे जातात. कुत्रे खाजवते एवढेच ही सर्व नावे सांगतात. ते का खाजवते याविषयी ती मौन पाळतात.

मराठीतील ‘लूत’ हा शब्द या पंक्तीत बसत नाही. संस्कृतात ‘लूता’ म्हणजे कोळी. आणि कोळ्याच्या स्रावापासून उद्भवतो असे मानलेला एक त्वग्रोग, हाही त्याच शब्दाचा अर्थ कोशकारांनी नोंदविला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे सोळा प्रकार वर्णिले असून त्यांच्या उत्पत्तीची कथाही दिली आहे. विश्वामित्राने धेनू हरण केली तेव्हा कोपलेल्या वसिष्ठाच्या कपाळावरील घर्मबिंदू गाईसाठी कापून ठेवलेल्या, म्हणजे ‘लून’, तृणावर पडले व त्यांपासून लूता जन्मास आल्या. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हे. परंतु त्वचेच्या विकारामागे कोणी तरी अनेकपाद प्राणी उभा आहे ही कल्पना तीत स्पष्ट आहे.

येथे एक मोह आवरावयास हवा. कुत्र्याच्या खरुजेस कारण होणारा सारकोप्टिस हा सूक्ष्म जीव अष्टपाद असून प्राणिशास्त्रज्ञ त्याची गणना कोळ्यांच्याच वर्गात करतात. तेव्हा प्राचीनांना तो ठाऊक होता असे म्हणण्यास जीभ सहज वळते. पण सुश्रुतातील लूता ही डोळ्यांना दिसणारी, बाहेरून येऊन विष सोडणारी आहे. त्वचेत बीळ करून राहणारा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा तेथे अभिप्रेत नाही. शब्द आणि शोध यांची गाठ येथे योगायोगाने पडली, एवढेच.

प्रत्यक्ष शोधाचा इतिहास निराळा आहे, आणि तो प्रथम मनुष्याच्या खरुजेचा आहे. इ. स. १६८७ मध्ये इटलीतील वैद्य बोनोमो याने, औषधविक्रेता चेस्तोनी याच्या साहाय्याने केलेली निरीक्षणे फ्रांचेस्को रेदी यास पत्ररूपाने कळविली. गरीब स्त्रिया आपल्या खरजुल्या मुलांच्या त्वचेतून टाचणीच्या टोकाने काही तरी बाहेर काढतात, हे त्याने पाहिले. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तो जिवंत किडा निघाला. रोगाचे कारण हाती आले होते. तथापि शरीरातील दोषांच्या प्रकोपाने खरूज होते हे मत दृढ असल्यामुळे त्या पत्राचा परिणाम झाला नाही. १८१२ मध्ये पॅरिस येथे गालेस या विद्यार्थ्याने किडा दाखविल्याचा दावा केला. पण त्याने काढलेले चित्र चीजमधील किड्याचे असल्याचे पुढे उघडकीस आले, व सत्य गोष्टही काही काळ खोटी ठरली. अखेरीस १८३४ मध्ये कॉर्सिकाहून आलेल्या रेनुच्ची या विद्यार्थ्याने सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईने किडा काढून दाखविला. त्याची युक्ती त्याच्या बेटावरील खेडवळ बायांची होती : किडा फोडात शोधावयाचा नाही, फोडापासून निघणाऱ्या बारीक रेषेच्या टोकास शोधावयाचा. पंडित मंडळी दीडशे वर्षे चुकीच्या जागी पाहत होती!

त्यानंतर पशूंकडे लक्ष वळले. गेरलाख याने १८५७ मध्ये पाळीव जनावरांच्या खरुजेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दरम्यान डेमोडेक्स हा लांबोडका किडा केसांच्या मुळाशी सापडला होता. कुत्र्याच्या अंगावरील त्याच्या जातीस १८५९ मध्ये लायडिश याने नाव दिले. तो निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही अल्प प्रमाणात असतो, आईकडून पिलांकडे जातो, आणि प्रतिकारशक्ती ढळली म्हणजेच उपद्रव करतो. त्याने केस झडतात, पण खाज पुष्कळदा अल्पच असते. अर्थात ‘लूत’ या एका नावाखाली दोन भिन्न रोग नांदत होते.

तिसरा गट सर्वांत गूढ निघाला, कारण त्यात किडाच नव्हता. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्के याने ‘अॅलर्जी’ हा शब्द घडविला. १९२३ मध्ये कोका आणि कुक या अमेरिकन संशोधकांना आनुवंशिक अतिसंवेदनशीलतेसाठी नवे नाव हवे होते. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांस विचारले, व ‘अस्थानी, विलक्षण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘अॅटोपी’ ही संज्ञा मिळाली. हेच पेरी १८८५ च्या ‘संस्कृत प्रायमर’चे कर्ते, आणि ते पुस्तक ज्यांच्या पाठ्यपुस्तकावर आधारलेले आहे ते ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. १९४१ मध्ये विटिच याने परागकणांमुळे ऋतुमानाप्रमाणे त्रास होणाऱ्या एका कुत्र्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ती संज्ञा श्वानांस लागू झाली. आजही अॅटोपीचे निदान एखाद्या चाचणीने होत नाही. पिसवा, किडे, जंतुसंसर्ग, आहार ही कारणे एकेक करून वगळल्यावरच ते करावयाचे असते.

वगळण्याचे हे काम किती कष्टाचे आहे, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास घरीच आला. आमच्या कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी केस झडले, तेव्हा शेजाऱ्यांनी ‘लूत’ म्हटले व आम्हीही ते मानले. दोन हिवाळे गंधक घातलेले खोबरेल तेल लावले. पशुवैद्याने त्वचा दोनदा खरवडून पाहिली. किडा दिसला नाही. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, कारण सारकोप्टिस खरवडीत पुष्कळदा हुलकावणी देतो, म्हणून त्याच्यावरचे औषधही देऊन पाहिले. खाज तशीच. शेवटी बारीक दातांची फणी फिरवून पडलेला काळा कणीसारखा मळ ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवला. कणांभोवती तांबूस वलये उमटली. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होते. पिसू एकही दिसली नव्हती, कारण कुत्रे त्या चाटून गिळून टाकीत असे. आणि तिच्या लाळेची अॅलर्जी असली म्हणजे थोडे दंशही पुरतात. घरातील सतरंज्या, बिछाने आणि अंगणातील मातीसकट उपाय केल्यावर तीन महिन्यांत केस परत आले.

शेजारी अद्याप त्याची लूत गेली असेच म्हणतात. मी दुरुस्ती केलेली नाही.