वेरूळची लेणी आणि ठगांची मूळकथा

कॅप्टन विल्यम स्लीमन याने १८३६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केलेल्या 'रामासीआना' या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे, आणि त्याला जोडून माफीच्या साक्षीदारांशी झालेली प्रश्नोत्तरे छापलेली आहेत. त्यांपैकी फिरंगिया नावाच्या साक्षीदाराचे एक विधान महाराष्ट्रातील अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या धंद्यातील प्रत्येक क्रिया वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे, असे तो सांगतो. एके ठिकाणी गळा आवळणारी माणसे, दुसरीकडे प्रेते वाहून नेणारी, तिसरीकडे ती पुरणारी. फार काय, वाटसरूला बोलण्यात गुंतवणारा 'सोथा'ही तेथे त्याच्यासह एका बैठकीवर बसलेला आढळतो, असेही या प्रश्नोत्तरांत आले आहे. या विधानाच्या आधारे ठगांचा पंथ वेरूळच्या शिल्पांइतका, म्हणजे निदान आठव्या शतकाइतका प्राचीन मानण्याचा मोह पुढे अनेकांना झाला. तो कितपत सयुक्तिक आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम शिल्पांचा विचार करू. वेरूळच्या चौतीस लेण्यांत ठगविद्येचा म्हणता येईल असा एकही प्रसंग मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदलेला नाही. पाश मात्र तेथे आहे. पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यात मार्कंडेयाला नेण्यास आलेला यम आणि त्याचे पारिपत्य करणारा शिव कोरलेला आहे. एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांच्या सान्निध्यात काल व काली यांच्या अस्थिपंजर मूर्ती आहेत. रुमालाने गळा आवळणाऱ्या आणि भवानीला आपली कुलस्वामिनी समजणाऱ्या माणसाला या मूर्तींत काय दिसले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. हे आमचे अनुमान आहे. परंतु ते मानण्यासाठी शिल्पकाराला ठग ठरवावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे फिरंगियाच्याच जबानीतील पुढचा भाग. ही लेणी मानवी हातांची नव्हेत, ईश्वराची कृती आहेत. जगातील सर्व धंदे तेथे आहेत, आणि ज्याला त्याला स्वतःच्या धंद्याची रहस्ये तेथे सापडतात, अशा आशयाचे तो बोलतो. हा भाग उद्धृत करणाऱ्यांनी बहुधा गाळला, आणि खरी किल्ली तर येथेच आहे! कारण असा दावा करणारे ठग एकटे नव्हते. दहावे लेणे हे बौद्ध चैत्यगृह असूनही त्याला 'विश्वकर्मा' किंवा 'सुतार का झोपडा' असे नाव पडले, ते सुतारांनी तेथील बुद्धमूर्तीला आपला आद्यपुरुष विश्वकर्मा मानून पूजिले म्हणून. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त लेण्याच्या निर्मितीचे श्रेय पैठणच्या कोकास या कारागिराकडे जाते. आणि मानवी हातांची कृती नव्हे ही कल्पनाही जुनीच: राष्ट्रकूट कर्काच्या शके ७३४ मधील बडोदे ताम्रपटात, कृष्णराजाने करविलेले ते मंदिर पाहून देवही त्याला स्वयंभू समजले व प्रत्यक्ष ते घडविणारा शिल्पीही विस्मित झाला, असे वर्णन आहे. तात्पर्य, वेरूळला आपल्या व्यवसायाचे मूळपीठ मानणे हा कारागीर जातींच्या मूळकथांचा एक रूढ प्रकार होता, आणि ठगांचे विधान त्या प्रकारातले आहे. ते त्यांच्या प्रतिष्ठेच्या भुकेचा पुरावा आहे, प्राचीनतेचा नव्हे.

येथे फ्रेंच प्रवासी तेवनो याची साक्ष काढता येईल. १६६६-६७ मध्ये तो हिंदुस्थानात हिंडला. दिल्ली-आग्रा मार्गावर फास टाकून वाटसरूंना मारणाऱ्या चोरांची हकिकत त्याच्या प्रवासवृत्तात आहे, तशीच वेरूळच्या लेण्यांचीही आहे. परंतु या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध तो जोडत नाही.

भाषेच्या पुराव्याचीही तीच गत आहे. 'रामासी' ही स्वतंत्र भाषा नव्हे. झिरनी (गळा आवळण्याची खूण), भुरतोट (फास घालणारा), लुघा (खड्डा खणणारा), बिट्टू (ठग नसलेला मनुष्य) असे तिचे खास शब्द पुष्कळ आहेत. पण 'झिरनी देना' या प्रयोगात क्रियापद हिंदुस्थानीच आहे आणि व्याकरणही. सर्वच सांकेतिक बोलींची घडण अशी असते. कापडाखाली बोटे दाबून भाव ठरविणारा बैलबाजारातील दलाल, पोथ्या सकळ लिपीत लिहिणारे महानुभाव, आपसांत पारुशी बोलणाऱ्या भटक्या जमाती यांनीही गुप्तता पाळली. त्यावरून कोणी त्यांना एका अखिल भारतीय कटाचे सदस्य ठरविले नाही. शिवाय या जबान्या हिंदुस्थानीत दिलेल्या, प्रश्नकर्त्याने इंग्रजीत उतरविलेल्या, आणि ज्यांचा जीव उत्तरांवर अवलंबून होता अशा माणसांच्या आहेत. वाटमारी आणि खून खरे होते, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो एका प्राचीन, सुसंघटित पंथाचा.

हा प्रश्न केवळ पंडिती नाही. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध असणे एवढ्यावरच जन्मठेपेची शिक्षा ठेवली. अमुक खून अमुक माणसाने केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. गुन्हा वंशपरंपरेने व पंथाने चालतो, हे गृहीत एकदा रुजल्यावर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा फार दूर राहिला नाही. त्याची झळ सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीपर्यंत पोचली, आणि तेथील माणसे १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत जन्मानेच गुन्हेगार राहिली.

सामान्य वाचकाच्या मनातील ठग तर वेरूळचाही नव्हे आणि जबानीचाही नव्हे. तो १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या मेडोज टेलरच्या कादंबरीतील अमीर अली आहे. निजामाच्या चाकरीत असलेल्या टेलरला या मुलखाची चांगली माहिती होती, आणि कादंबरीकार म्हणून त्याने तिचा मनमुराद उपयोग केला. या पंथाचे कलेतील मूळ शोधावयाचेच असेल, तर ते कैलास लेण्यापेक्षा लंडनच्या छापखान्यात अधिक सुलभतेने सापडेल.