पिठाच्या जाहिरातीवरचा चेहरा



गटाचा मसाला पाकिटात भरायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, लेबलवर काय छापायचं? कुणीतरी म्हणतंच, "त्या हिरॉईनचा फोटो टाकूया गं, पाकीट उठून दिसेल." मोबाइलवर फोटो फुकट मिळतो, छापखानेवालाही काही विचारत नाही. मग अडचण कसली? अडचण आहे, आणि तिची गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे. ती सुरू होते अमेरिकेत, पिठाच्या एका जाहिरातीपासून.

न्यू यॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथं अ‍ॅबिगेल रॉबर्सन ही मुलगी राहत होती. ना नटी, ना गायिका. अजून सज्ञानही नव्हती. एका पिठाच्या कंपनीच्या जाहिरातीवर तिला न विचारता तिचा फोटो छापला गेला. थोड्याथोडक्या नाहीत, सुमारे २५,००० प्रती निघाल्या. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांतसुद्धा त्या लागल्या. चित्र चांगलं होतं, त्यात बदनामीचं काही नव्हतं. पण ओळखणारे लोक टोमणे मारू लागले. तिनं इतकं मनाला लावून घेतलं की अंथरूण धरलं, डॉक्टर बोलवावा लागला. आपल्या लेकीचा फोटो असा बारच्या भिंतीवर लागला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

तिनं १५,००० डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. खालच्या कोर्टांनी तिची बाजू घेतली. पण १९०२ साली राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात ती ४ विरुद्ध ३ मतांनी हरली. असा हक्क आपल्या कायद्यात नाहीच, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. निकाल लिहिणारे मुख्य न्यायाधीश होते आल्टन पार्कर. या निकालावर लोक खवळले. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, राज्यानं कायदा केला: जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी, धंद्यासाठी वापरायचं तर त्याची लेखी परवानगी हवी.

पुढची गंमत ऐका. १९०४ साली हेच पार्कर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. फोटोवाले त्यांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी त्रास होतो म्हणून तक्रार केली. रॉबर्सननं त्यांना पत्र लिहून त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली. ते पत्र वर्तमानपत्रात छापून आलं.

पुढे १९५३ साली वेगळा खटला आला. च्युइंगमसोबत बेसबॉल खेळाडूंच्या फोटोची कार्डं मिळत. त्यावरून दोन कंपन्या भांडल्या. इथं लाजेचा प्रश्न नव्हता. खेळाडूंना फोटो छापायला हवेच होते, पण मोबदला घेऊन. कोर्ट म्हणालं, नावाजलेल्या माणसाच्या चेहऱ्याला बाजारात किंमत असते आणि तो कुणाला वापरू द्यायचा हे त्यानंच ठरवायचं. म्हणजे एका बाजूला अब्रू, दुसऱ्या बाजूला मेहनतीचं मोल.

आपल्याकडे लीला चिटणीस यांनी १९४१ साली लक्स साबणाची जाहिरात केली. तिथं नटीचा होकार होता. प्रश्न येतो तो होकार नसताना. १९९४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, एखाद्याचं नाव किंवा चेहरा परवानगीशिवाय जाहिरातीत वापरणं हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे. २०१० मध्ये दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांचं गाणं वाजवणाऱ्या बाहुल्यांची विक्री दिल्ली उच्च न्यायालयानं थांबवली. २०१२ मध्ये अमिताभ आणि जया बच्चन यांच्या दागिन्यांच्या जाहिरातीसारखं होर्डिंग एका दुसऱ्याच सराफानं लावलं, तेव्हा निकाल त्या सराफाच्या विरुद्ध गेला. आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची संगणकावर नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयानं मनाई केली. आपल्या देशात यासाठी वेगळा कायदा अजून नाही, पण कोर्टं हा हक्क मानतात.

एक कायदा मात्र जुना आहे, १९५० चा. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी, पंतप्रधान यांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. आपली श्रद्धा कितीही खरी असली तरी महाराजांचं चित्र लोणच्याच्या बरणीवर छापायचं नाही, हे गटात सगळ्यांना सांगून ठेवा.

मग लेबलवर काय छापावं? गावाचं नाव, गटाचं नाव, शेतातली मिरची. आणि गटातल्याच एखादीचा चेहरा घ्यायचा असेल तर तिलाही आधी विचारा. ती जाऊबाई असली तरी, शेजारीण असली तरी. फोटो कशावर छापणार, किती दिवस वापरणार, हे कागदावर लिहून तिची सही घ्या. पुढे ती गट सोडून गेली तर काय, तेही लिहा.

आणि उद्या कुणी व्यापारी, कंपनी किंवा पुढारी आपला फोटो न विचारता फ्लेक्सवर लावेल, तेव्हा "आपण कोण मोठ्या?" असं म्हणून गप्प बसू नका. सगळ्यात आधी त्या फ्लेक्सचा तारखेसह फोटो काढून ठेवा, लेखी हरकत द्या, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. तिथं बायकांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. या हक्कासाठी कोर्टात गेलेली रॉचेस्टरची ती मुलगीही कुणी मोठी नव्हती.